आजोबांच्या सेवा-नोंदीत राहून गेलेली पदके: मागायचे काय आणि सिद्ध काय करायचे

आपण लिहिले आहे की आपले आजोबा १९६३ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, १९७१ च्या युद्धात पहिल्या मराठा पलटणीबरोबर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात (आताच्या बांगलादेशात) जमालपूरला होते, १९७३ मध्ये रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव जवानांत, गेले आणि २००९ मध्ये वारले. घरातल्या जुन्या फोटोत त्यांच्या छातीवर चार पदके दिसतात, परंतु डिस्चार्ज बुकात ‘रक्षा मेडल १९६५’ आणि ‘सैन्य सेवा मेडल’ ही दोनच नावे आहेत. परतूर तालुक्यातील आपल्या गावात ग्रामपंचायत माजी सैनिकांचा नामफलक उभारणार आहे आणि त्यावर आजोबांची सगळी पदके अधिकृतपणे लिहिली जावीत, अशी आजींची इच्छा आहे. म्हणून उरलेली दोन पदके नोंदवून घेण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, वकील लागेल का आणि इतक्या वर्षांनंतर हे होऊ शकते का, असे आपण विचारले आहे.

मी पायदळात लिपिक होतो. सेवेतील काही वर्षे पलटणीच्या कार्यालयात आणि शेवटची वर्षे अभिलेख कार्यालयात, म्हणजे आपण सगळे ज्याला रेकॉर्ड ऑफिस म्हणतो तेथे, काढली. पेन्शन आल्यापासून मराठवाड्यातील माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची कागदपत्रे लावून देण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो की हे काम होऊ शकते आणि बहुतेक वेळा वकिलाशिवाय होते. मात्र ते ‘दोन पदके राहिली आहेत, ती द्यावीत’ एवढ्या विनंतीने होत नाही. रेकॉर्ड ऑफिसातील माणूस पदके वाटत नसतो, तो नोंदी तपासत असतो. त्याच्यापुढे प्रश्न एवढाच असतो की अमुक नंबरचा शिपाई अमुक तारखेला कोणत्या पलटणीत, कोणत्या भागात आणि कोणत्या स्थितीत होता. त्याचे उत्तर कागदाने मिळाले की पदकाचा हक्क नियमाने आपोआप ठरतो. म्हणून आपण पदक मागायचे नाही, तर त्या तारखांना आजोबा कुठे होते ते दाखवायचे आणि त्यावरून येणारी नोंद मागायची.

प्रथम आपली अडचण नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे लागेल, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या तक्रारी आतून तीन निरनिराळ्या असतात. कधी पलटणीने पदकाचा आदेश काढलेला असतो, तो शीट रोलवर, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातील जवानाच्या मूळ सेवापत्रकावर, चढलेलाही असतो आणि केवळ सेवामुक्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकात उतरवायचा राहिलेला असतो. हे सर्वांत सोपे, कारण मूळ नोंद तयारच असते. कधी माणूस पदकास पात्र असतो, पण त्याच्या नावाचा आदेश निघालेलाच नसतो. येथे पुरावा जमवावा लागतो आणि वेळही लागतो. तिसरा प्रकार सांगताना मला नेहमी जड जाते, पण तो सांगितला पाहिजे. कधी कधी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाणारे पदक त्या माणसाला मिळालेलेच नसते. अंबाजोगाईकडील एका कुटुंबाची ठाम समजूत होती की त्यांच्या वडिलांना वीर चक्र मिळाले होते. कागद पाहिले तेव्हा त्यांना सेनाप्रमुखांचे प्रशंसापत्र, म्हणजे कमेंडेशन कार्ड, मिळाले होते असे निघाले. तो सन्मान लहान नाही आणि आम्ही तो व्यवस्थित नोंदवून घेतला; पण वीर चक्राचा अर्ज आधीच गेला असता तर खरी गोष्टही संशयात सापडली असती.

येथेच शौर्यपदके आणि सेवापदके यांतील फरक स्पष्ट करतो. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, तसेच अशोक, कीर्ती व शौर्य चक्र, सेना मेडल आणि ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ (युद्ध-अहवालातील गौरवाचा उल्लेख) हे सन्मान नावानिशी जाहीर होतात. राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचनेने ते भारताच्या राजपत्रात छापले जातात. ज्याचे नाव राजपत्रात आहे, त्याची नोंद राहून गेली असेल तर राजपत्राचे पान दाखवून ती करून घेता येते. ज्याचे नाव तेथे नाही, त्याला पन्नास वर्षांनंतर वारसाच्या अर्जावरून शौर्यपदक मिळत नाही. सेवापदकांचे तसे नसते. ती ठरावीक काळात, ठरावीक भागात किंवा ठरावीक वर्षे सेवा केलेल्या प्रत्येकासाठी असतात, कोणाची निवड करावी लागत नाही आणि म्हणूनच त्यांत माणसे सुटण्याचे प्रमाण मोठे असते. आपले प्रकरण सेवापदकांचे आहे, ही आपल्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे.

आता आजोबांच्या सेवेचा हिशेब मांडून पाहू, कारण आपण दोन पदके राहिली असे म्हणता आणि माझ्या हिशेबाने ती चार असू शकतात. १९६३ ची भरती असल्यामुळे १९६५ च्या युद्धाच्या वेळी ते सेवेत होते आणि रक्षा मेडल त्यामुळेच नोंदलेले आहे. त्याच युद्धासाठी समर सेवा स्टार हे दुसरे पदक आहे, पण ते केवळ प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना मिळाले. आजोबा तेव्हा कुठे होते यावर ते अवलंबून आहे, म्हणून ते मी मोजत नाही. १९७१ साठी दोन पदकांचा विचार करावा लागतो. संग्राम मेडल त्या युद्धकाळात सेवेत असलेल्यांसाठी व्यापक प्रमाणावर होते, तर पूर्वी स्टार पूर्व आघाडीच्या ठरवून दिलेल्या क्षेत्रात असलेल्यांसाठी होते. ही दोन्ही एकाच माणसाला मिळू शकतात; किंबहुना पूर्वेकडे लढलेल्या जवानाच्या छातीवर ती दोन्ही शेजारी शेजारी असणे हेच सर्वसाधारण आहे. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती आणि १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीशी तिची लढाई झाली, ही प्रसिद्ध गोष्ट आहे. त्यामुळे आजोबा त्या दिवसांत पलटणीच्या हजेरीवर आणि त्या क्षेत्रात होते एवढे दाखवता आले, तर पूर्वी स्टारबद्दल वाद राहणार नाही.

याशिवाय दोन पदकांचा आपण उल्लेखच केलेला नाही. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना मिळाले. आजोबा १९७३ मध्ये रिझर्व्हमध्ये गेले, म्हणजे त्या दिवशी ते पलटणीत होते. तसेच नऊ वर्षांच्या समाधानकारक सेवेसाठी ‘नाइन इयर्स लाँग सर्व्हिस मेडल’ आहे, आणि १९६३ पासून मोजल्यास १९७२ मध्ये त्यांची नऊ वर्षे पूर्ण होतात. यात मधल्या काळातील एखादी शिक्षा किंवा सेवेत न धरलेला काळ आड येऊ शकतो, म्हणून भरतीची नेमकी तारीख आणि डिस्चार्ज बुकातील ‘कॅरेक्टर’चा, म्हणजे वर्तणुकीचा, शेरा पाहून घ्या. नुसत्या फोटोवर विसंबलात तर ही दोन पदके आपल्या हातून पुन्हा राहून जातील, कारण फोटो कधी काढला यावर त्यात काय दिसते ते ठरते आणि पदके कित्येकदा घोषणेनंतर बऱ्याच वर्षांनी हातात येत असत.

तरीही फोटो टाकाऊ नाही. तो हक्काचा पुरावा म्हणून कोणी धरत नाही, पण कशाचा शोध घ्यायचा ते सांगतो. भिंगाखाली पाहा. चारपैकी एखादे पदक गोल नसून पाच टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचे असेल, तर ते १९६५ चे समर सेवा स्टार किंवा १९७१ चे पूर्वी स्टार असू शकते. कृष्णधवल फोटोत नुसत्या फितींवरून ओळख पटवू नका, त्यात हमखास चूक होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजोबांची ट्रंक उघडा. आपल्या सेनेने दिलेल्या पदकाच्या कडेवर बहुधा जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर ते मागील बाजूस असते. दुकानातून घेतलेल्या नकलेवर हे नसते. ज्या पदकावर आजोबांचा नंबर आहे, त्याचा आदेश कुठेतरी निघालेला आहे असे धरून चालता येते, आणि मग आपले प्रकरण सोप्या पहिल्या प्रकारात जाते.

अंबड तालुक्यातील एका वृद्ध जवानाच्या ट्रंकेत असेच पूर्वी स्टार सापडले होते. घरचे आनंदले, पण पदकाच्या मागचा नंबर त्यांच्या नंबराशी जुळेना. शेवटचे तीन आकडे वेगळे होते. चौकशीअंती कळले की एकाच कंपनीत एकाच नावाचे दोन जवान होते आणि पदके वाटताना ती अदलाबदल झाली. नोंदीतही पूर्वी स्टार दुसऱ्याच्याच नावावर होते. दोघेही खरे हक्कदार होते, म्हणून पुढे दोघांच्याही नोंदी नीट झाल्या. त्या दिवसापासून मी कोणताही कागद हाती घेतला की आधी नाव न पाहता नंबर पाहतो, आणि आपणही तसेच करावे. सैन्याचा नंबर शेवटच्या इंग्रजी अक्षरासह पूर्ण लिहावा. ते अक्षर नंबर तपासण्यासाठीच असते आणि अर्जात ते गाळले की उत्तर येण्याऐवजी खुलासा मागणारे पत्र येते.

इतकी माणसे सुटतात कशी, हे समजून घेतले तर पुरावा कुठे शोधायचा तेही कळते. पदकासाठी पलटण नावांची यादी करते, तिच्या आधारे ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे जवानाच्या नोंदीत बदल करणारा पलटणीचा लेखी आदेश, निघते आणि ती रेकॉर्ड ऑफिसात पोहोचली की शीट रोलवर नोंद चढते. यादी करताना जो समोर असतो त्याचे नाव चुकत नाही. जो इस्पितळात आहे, कोर्सवर आहे, लांब रजेवर आहे, दुसऱ्या युनिटला जोडून दिलेला आहे किंवा यादी होण्यापूर्वीच बदली होऊन गेला आहे, त्याचे नाव सुटते. यादी करणाऱ्या लिपिकाच्या मनात खोट नसते. जुन्या युनिटला वाटते की नवे युनिट त्याचे नाव पाठवील आणि नव्याला वाटते की जुन्याने पाठवले असेल. मी स्वतः अशा याद्या केल्या आहेत आणि इस्पितळातील जवानांची नावे वेगळी मागवल्याशिवाय यादी पूर्ण होत नाही, हे मला वरिष्ठांनी पहिल्याच वर्षी शिकवले होते. सगळीकडे तसे घडले नाही. १९७१ च्या पदकांत आणखी एक कारण भर घालते. युद्ध डिसेंबरात झाले, पदके त्यानंतर स्थापन झाली आणि मधल्या काळात कितीतरी जण कलर सर्व्हिस, म्हणजे पलटणीतील प्रत्यक्ष नोकरी, संपवून रिझर्व्हमध्ये गावी परतले. आपले आजोबा १९७३ मध्ये गेले, म्हणजे ते नेमके याच फटीत सापडले असावेत, असा माझा अंदाज आहे.

याच ओघात एक गोष्ट विचारतो. युद्धात ते जखमी झाले होते का? शत्रूच्या कारवाईत झालेल्या जखमेसाठी घाव पदक आहे, ज्याला आता पराक्रम पदक म्हणतात. ते १९७३ मध्ये सुरू झाले, पण १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या जखमांना लागू आहे. मराठवाड्यात फिरताना मला असे कितीतरी म्हातारे जवान भेटले आहेत, ज्यांच्या पायात छर्रे आहेत आणि नोंदीत हे पदक नाही, कारण जखम बरी झाली आणि अपंगत्व ठरले नाही. त्यासाठी ‘बॅटल कॅज्युअल्टी’ची, म्हणजे लढाईत जखमी झाल्याची, पार्ट टू ऑर्डर किंवा लष्करी इस्पितळाचा कागद लागतो. आजींना विचारा, त्यांना आठवत असेल.

आता अर्ज कोणी करायचा ते पाहू. आजोबा हयात असते तर त्यांनीच सही केली असती. ते नाहीत, म्हणून सेनेच्या नोंदीत वारस असलेल्या आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजी याच अर्जदार होतात. आपण नातू म्हणून अर्ज केलात तर कार्यालय प्रथम आपला अधिकार तपासत बसेल. अर्ज आजींच्या नावाने, सही किंवा अंगठा त्यांचा, आणि पत्रव्यवहारासाठी आपला पत्ता व मोबाइल क्रमांक, ही मांडणी मला सर्वांत निर्धोक वाटते. तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव येथील रेकॉर्ड ऑफिसच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावा. इतर वाचकांसाठी सांगतो की रेजिमेंटप्रमाणे कार्यालय बदलते: महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आणि चिलखती दलाचे अहिल्यानगरला आहे. जे जवान पहिल्या पेन्शननंतर डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, गेले, त्यांचा नंबर बदललेला असतो आणि डीएससीचे रेकॉर्ड कण्णूरला असते. पण पहिल्या सेवेतील पदकांचा हिशेब पहिल्या रेजिमेंटकडेच मागावा लागतो. या एका गोष्टीपायी लोकांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत.

मराठवाड्यातील कुटुंबांना आणखी एक अडचण येते, ती इतर भागांतील लोकांना सहसा ठाऊक नसते. आपल्या जिल्ह्यांच्या सीमा आणि नावे अनेकदा बदलली. आजोबा भरती झाले तेव्हा परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यामुळे त्यांच्या शीट रोलवर ‘जिल्हा परभणी’ असणार आणि आजींच्या आधारकार्डावर ‘जालना’. उदगीरकडील जुन्या जवानांचे तर असे आहे की १९५६ पूर्वी बीदर, मग उस्मानाबाद आणि १९८२ नंतर लातूर, असे तीन जिल्हे एकाच गावाच्या माथी आहेत. हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला आणि अलीकडे औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. बेळगावला बसलेल्या कारकुनाला हे माहीत असण्याचे कारण नाही. त्याला एकाच नावाचे दोन पत्ते दिसतात आणि तो फाइल थांबवतो. म्हणून अर्जातच एक वाक्य घाला की भरतीच्या वेळी हा तालुका परभणी जिल्ह्यात होता, तो आता जालना जिल्ह्यात आहे आणि गाव तेच आहे.

नावांचेही तसेच आहे. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही असते, सेनेत भरती करणाऱ्याने मधले नाव गाळलेले असते आणि आजींचे नाव एका ठिकाणी ‘गंगूबाई’ तर दुसरीकडे ‘गंगाबाई’ असे असते. निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून हे फरक ठळकपणे दिसू लागले आहेत. फरक अक्षराचा असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे. ते आधीच जोडलेले बरे, कारण हरकत आल्यावर जोडले तर तेवढ्यासाठी फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते.

पहिल्या पत्रात मात्र पदके मागू नका, असा माझा आग्रह आहे. पहिल्या पत्रात फक्त शीट रोलच्या प्रमाणित उताऱ्याची प्रत मागावी: पदकांच्या नोंदी, बदल्या व जोडणीच्या तारखा आणि युद्धकाळातील सेवेच्या नोंदी. डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), मृत्यूचा दाखला आणि आजींचे ओळखपत्र यांच्या प्रती जोडाव्यात, मूळ कागद कधीही पाठवू नयेत. हे पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवल्यास अर्जदाराची ओळख तेथेच प्रमाणित होते. उतारा हाती आला की आपल्याला कळेल की नोंद शीट रोलवर आहे की तेथेही नाही, आणि दुसरे पत्र त्याप्रमाणे लिहिता येईल. नोंद असेल तर डिस्चार्ज बुकात भर घालून शिक्का मिळावा एवढीच विनंती करायची. नसेल तर प्रत्येक पदकासाठी वेगळा परिच्छेद लिहून त्यात तारीख, युनिट, ठिकाण आणि आधाराचा कागद द्यायचा. चारही पदके एकाच वाक्यात गुंफली तर एकावरच्या हरकतीमुळे चारही अडकतात.

पत्राला तीन महिन्यांत उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क दहा रुपये आहे, अर्ज पोस्टल ऑर्डर लावून टपालाने किंवा केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर असमाधानकारक असेल तर तीस दिवसांत पहिले अपील करावे. येथे बरेच लोक एक चूक करतात. माहितीच्या अधिकारात नोंद दुरुस्त करून मिळत नाही. तेथे फक्त असलेला कागद मिळतो. ‘माझ्या पतीला पदक का दिले नाही’ असे विचारले तर ते माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून परत येते. ‘अमुक नंबरच्या जवानाच्या शीट रोलवरील पदकांच्या नोंदींची प्रत द्यावी’ असे विचारले तर प्रत येते. हा अर्जही आजींच्याच नावाने जावा, कारण दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून आपल्याला नकार मिळू शकतो.

सर्वांत निराश करणारे उत्तर म्हणजे ‘कागदपत्रे नष्ट करण्यात आली आहेत’. ते पुष्कळदा खरे असते, कारण निवृत्तिवेतन नसलेल्या जवानांचे सेवा-कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. आजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणून तो पंचवीस वर्षांचा नियम आपल्याला लागू नाही आणि आजोबांचे कागद असण्याची शक्यता चांगली आहे. तरीही असे उत्तर आले तर तेथे थांबू नका. लाँग रोल नावाची मोठी नोंदवही कायम ठेवली जाते, तिच्यात जवानाची थोडक्यात माहिती असते. तिची प्रत मागा. त्याच वेळी पलटणीला स्वतंत्र पत्र लिहा. पलटणी आपल्या युद्धाच्या कागदांची आणि जुन्या माणसांची आठवण जपतात, आणि एखाद्या सुभेदार मेजरने मनावर घेतले तर वर्षभर अडलेले काम मार्गी लागते, असा माझा अनुभव आहे. आजोबांच्या बरोबरचा एखादा जवान हयात असेल तर त्याचे निवेदन घ्यावे. एकट्या निवेदनावर नोंद होत नाही, पण कागद अर्धवट असेल तेव्हा ते कामी येते, आणि त्या पिढीतील माणसे आता फार थोडी राहिली आहेत, म्हणून हे काम सर्वांत आधी करा.

वकिलाबद्दल थोडक्यात सांगतो. सैन्य दल न्यायाधिकरणाचे मुंबईत खंडपीठ आहे आणि महाराष्ट्रातील प्रकरणे तेथे जातात. पण लेखी नकार हाती आल्याशिवाय तेथे जाण्यात अर्थ नाही, आणि नकार आल्यावर मुदतीचे बंधन असल्यामुळे मग उशीर करूनही चालत नाही. सेवापदकांसाठी मला आजवर कोणाला तेथे पाठवावे लागलेले नाही. कामाच्या बदल्यात टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थांपासून मात्र दूर राहा. सेवापदकाने निवृत्तिवेतनात एक रुपयाचाही फरक पडत नाही, त्यासाठी पीपीओ बदलावा लागत नाही, आणि ‘थकबाकी काढून देतो’ असे सांगणारा माणूस आजींची फसवणूक करीत आहे, असे समजावे. पैसे आणि सवलती शौर्यपदकांशी जोडलेल्या असतात. शौर्यपदकधारकांच्या मुलांना काही प्रवेशांत आणि पंतप्रधान शिष्यवृत्तीत वरचा प्राधान्यक्रम आहे, आणि प्रवेशांच्या त्या यादीत मेन्शन इन डिस्पॅचेसही येते. ज्यांच्या घरी सेना मेडल आहे त्यांनी नोंदीत ते शौर्यासाठीचे की विशिष्ट सेवेसाठीचे, हे स्पष्ट लिहिलेले आहे ना, तेवढे अवश्य पाहावे; त्या एका शब्दावर पुढचे सगळे अवलंबून असते.

नोंद होणे आणि पदक हाती येणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हेही आजींना आधी सांगून ठेवा. नोंद झाल्यावर प्रत्यक्ष पदकासाठी वेगळी मागणी करावी लागते आणि त्याला आणखी काळ जातो. नामफलकासाठी नोंद पुरेशी आहे. ग्रामपंचायतीला फलकाची घाई असेल तर सध्या सिद्ध असलेली दोन पदके लिहून खाली जागा मोकळी सोडायला सांगा. चुकीचे कोरलेले पुसणे जास्त कठीण असते. आणि समारंभात आजी किंवा आपले वडील ती पदके लावणार असतील, तर वारसांनी ती उजव्या छातीवर लावायची असतात, डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची.

आपण करायचे ते एवढे: या आठवड्यात ट्रंक उघडून पदकांच्या कडा आणि मागच्या बाजू पाहा, डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा, कोऱ्या वाटणाऱ्या पानांचाही, फोटो काढा आणि बदल्यांच्या पानावर नोव्हेंबर १९७१ ते ऑगस्ट १९७२ या काळात काही नोंद आहे का ते शोधा. त्या पानावर इस्पितळाची किंवा दुसऱ्या युनिटला जोडल्याची एखादी ओळ निघाली, तर पूर्वी स्टार कुठे अडकले ते तेथेच कळेल, आणि दुसरे पत्र कसे लिहायचे ते मी त्याप्रमाणे सांगेन.